सततची कंबरदुखी, वय २७: दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का, आणि तोवर पगाराचं काय?

भोसरीकर

धाकट्या भावासाठी विचारतोय. वय २७, चाकणच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर, नोकरीला साडेतीन वर्षं झाली. पगार १९,५००, ईएसआयसी (कामगार विमा) कापली जाते. एल४-एल५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली होती, तिचं ऑपरेशन होऊन अकरा महिने झाले. पायातली कळ बरीच कमी झाली, कंबर मात्र रोज दुखते. वीस मिनिटांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. उजव्या पायाचा अंगठा आणि चवडा वर उचलायला ताकद कमी पडते, चप्पल पायातून निसटते. कंपनी म्हणते, उभ्याचं काम जमत नसेल तर बिनपगारी रजा घ्या.

विचारायचं ते असं. कंबरदुखी दिव्यांगत्वाच्या यादीत येते का? योजनांना लागणारे ४० टक्के भरतील का? संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतील का? एजंट "४५ टक्के करून देतो" म्हणतोय, त्याच्या वाटेला जायचं नाही. रीतसर काय करता येईल ते सांगा.

दिव्यांगमित्र_सातारा

एजंटला नाही म्हणालात हे उत्तम. खोट्या माहितीवर दिव्यांगांचे लाभ घेतले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. आणि ते निस्तरतो अर्जदार, एजंट नाही.

आता मूळ प्रश्न. कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत "कंबरदुखी" नावाचा प्रकार नाही. मणक्याचा त्रास चलनवलनाच्या, म्हणजे लोकोमोटर प्रकारात मोजला जातो. प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड वेदना मोजत नाही, वेदनेमुळे आणि नसेच्या इजेमुळे शरीराचं कोणतं काम कायमचं कमी झालं ते मोजतं. बहुतेक तरुणांचे अर्ज इथेच अडकतात. माणूस सांगतो "खूप दुखतं", आणि समोरच्या तक्त्यात त्यासाठी फार थोडे गुण असतात.

२०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत कमरेच्या गादीच्या आजारासाठी चार पायऱ्या होत्या. उपचारानंतरही सतत वेदना असेल तर १५ टक्के. वेदना आणि मणक्याची अस्थिरता असेल तर २०. वेदनेमुळे वजन उचलण्याच्या कामात मध्यम बदल करावा लागत असेल तर २५. वेदना आणि ताठरपणा असून जड उचलण्याची सगळीच कामं बदलावी लागत असतील तर ३०. म्हणजे नुसत्या गादीच्या आजारावर कमाल ३०. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सुधारित सूचना काढल्या आहेत, तेव्हा बोर्डापुढे जाण्याआधी नव्या राजपत्रातलं मणक्याचं प्रकरण छापून घ्या आणि वाचा.

मग ४० कुठून येतात? पायातून. नसेच्या इजेने पाय कमजोर झाला असेल तर त्याचे टक्के वेगळे काढतात आणि मणक्याच्या टक्क्यांशी जोडतात. ही साधी बेरीज नसते. मोठा आकडा अ आणि लहान आकडा ब धरला, तर सूत्र असं: अ + ब × (९० − अ) ÷ ९०.

मणका ३० आणि पाय १५ असेल तर ३० + १५ × ६० ÷ ९०, म्हणजे बरोबर ४०. पाय १० च असेल तर ३६.७ वर थांबतं. मणका २५ धरला तर पायाचे जवळपास २१ लागतात. मणका २० आणि पाय २० असेल तर ३५.६. म्हणून तुमच्या भावाच्या बाबतीत चवड्याची कमजोरी हा अर्जाचा कणा आहे, आणि तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिलीत. बोर्डापुढे ती आधी सांगा.

पायाची ताकद ० ते ५ अशा श्रेणीत तपासतात. पाच म्हणजे पूर्ण ताकद, चार म्हणजे त्या हालचालीची २० टक्के हानी, तीन म्हणजे ४०. वेदनेला पायाच्या मोजणीत जादा गुण आहेत: सौम्य ३, मध्यम ६, तीव्र ९. पण बधिरपणा, व्यंग वगैरे धरून सगळे जादा गुण १० च्या वर जात नाहीत.

फिजिओ_मिरज

वरचा हिशेब चोख आहे. त्या हिशेबाला कागद कोणते लागतात ते मी सांगते.

बोर्डाच्या डॉक्टरांकडे एका माणसाला द्यायला थोडी मिनिटं असतात. "तीव्र कंबरदुखी, विश्रांतीचा सल्ला" अशी चिठ्ठी किंवा "मणक्यात गॅप आहे" असं कुणीतरी सांगितलेलं, याचा तिथे काही उपयोग नाही. उपचार करणाऱ्या हाडांच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरांकडून एक पानाचं टिपण घ्या आणि त्यात आकडे लिहून मागा. चवडा आणि अंगठा वर उचलण्याची ताकद पाचपैकी किती. संवेदना कोणत्या भागात कमी. झोपवून सरळ पाय किती अंशांपर्यंत उचलता येतो. गुडघ्याची आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया कशी आहे. पुढे वाकताना कमरेची त्वचा किती ताणली जाते: उभं असताना कमरेच्या खळग्यांच्या पातळीपासून वर १० सेंटिमीटरची खूण करतात, वाकल्यावर ते अंतर साधारण १५ च्या पुढे जायला हवं, ताठ कमरेत ११-१२ वर अडकतं. किती मिनिटं उभं राहता येतं, किती अंतर चालता येतं, किती किलो उचलता येतं, हेही लिहून घ्या.

तपासण्या: ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एमआरआय, दोन्हींच्या फिल्म. नुसता रिपोर्ट नेऊ नका. पायांच्या नसांची चाचणी, म्हणजे एनसीव्ही-ईएमजी, ताजी करून घ्या. चवड्याची कमजोरी खरी आहे आणि नसेमुळे आहे याचा हा सगळ्यात भक्कम पुरावा, आणि नेमका हाच कागद बहुतेकांच्या फाइलमध्ये नसतो. मणका हलतो अशी शंका असेल तर पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्स-रे लागतात. सरळ उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर अस्थिरता दिसत नाही, आणि दिसली नाही तर ती पायरी मिळत नाही. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणं, त्यानंतरचे सगळे केसपेपर, फिजिओथेरपीच्या नोंदी तारखांच्या क्रमाने लावा. मध्ये पाच-सहा महिने एकही कागद नसेल तर "त्या काळात बरं होतं" असाच अर्थ निघतो.

तपासणीच्या दिवशी रोजच्या गोळ्या रोजच्यासारख्या घ्या आणि कोणत्या घेतल्या ते सांगा. मुद्दाम लंगडू नका, वाढवून सांगू नका. डॉक्टर झोपवून पाय उचलतात, मग गप्पा मारता मारता बसवून गुडघा सरळ करून पाहतात. डोक्यावर हलका दाब देऊन कंबर दुखते का विचारतात, खरं तर त्याने दुखायला नको. या दोन्हींत फरक पडला की खऱ्या कमजोरीवरही विश्वास राहत नाही. पट्टा किंवा काठी रोज वापरत असेल तर न्या, नसेल तर त्या दिवसापुरती आणू नका.

हा धागा वाचणाऱ्या इतर तरुणांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. चाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी जर विश्रांतीने वाढत असेल आणि हालचालीने कमी होत असेल, पहाटे जाग येत असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल, टाच दुखत असेल किंवा डोळा लाल होऊन दुखला असेल, तर ती गादी नसून अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात असू शकतो. अशांनी संधिवाततज्ज्ञांकडे जावं. कमरेचा नेहमीचा एमआरआय यात अनेकदा साधा येतो. माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय सांगावा लागतो, सोबत एचएलए-बी२७ ची रक्ततपासणी. उपचाराच्या दृष्टीने हे निदान वेळेवर होणं फार मोलाचं आहे, आणि प्रमाणपत्राच्या दृष्टीनेही, कारण या आजारात खुब्याचे सांधे ताठरले असतील तर त्यांची मोजणी पायाच्या तक्त्यात स्वतंत्र होते. फाइलवर "कंबरदुखी" एवढंच लिहिलेलं असेल तर खुबे कुणी तपासतच नाही.

आणि लघवी अडकली, शौचावरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला तर प्रमाणपत्र बाजूला ठेवा, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

हिशेबनीस_पिंपरी

पगाराच्या प्रश्नावर लिहितो, कारण या घराला आज खरी मदत तिथूनच मिळणार आहे. प्रमाणपत्राला महिने लागतील. कंपनी ज्याला बिनपगारी रजा म्हणते, त्या दिवसांचे पैसे ईएसआयसी देते, फक्त त्यासाठी दावा करावा लागतो.

दोन टप्पे आहेत. पहिला, साधा आजारपणाचा लाभ: सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. यासाठी त्या-त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. १९,५०० च्या पगारावर महिन्याला साधारण १३,६०० येतील.

दुसरा टप्पा बहुतेकांना माहीतच नसतो. दीर्घ आजारांची एक यादी आहे, तिच्यात मणका निखळणे आणि गादी सरकणे यांचा उल्लेख आहे. अशा रुग्णाला ९१ दिवस संपल्यावर वाढीव लाभ मिळतो: पगाराच्या ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. अटी दोन: सलग दोन वर्षं विमाधारक नोकरी, आणि मागच्या चार वर्गणी-सहामाह्यांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी. साडेतीन वर्षांच्या नोकरीत हे सहज बसायला हवं. महिन्याला साधारण १५,६०० होतात.

बिघडतं कुठे ते लक्षात ठेवा. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थेट पैसे मिळत नाहीत, रजेचं प्रमाणपत्र ईएसआयसीच्या दवाखान्यातून किंवा रुग्णालयातून घ्यावं लागतं. ऑपरेशन बाहेर झालं असेल तर ती सगळी कागदपत्रं घेऊन तिथे आधी केसपेपर काढा. प्रमाणपत्रांच्या तारखांत खंड पडू देऊ नका. एक मंगळवारी संपलं आणि दुसरं शुक्रवारी सुरू झालं तर मधले दिवस गेले. ज्या तारखांचं प्रमाणपत्र आहे त्याच तारखांना कंपनीत हजेरी लागली तर दावा अडकतो, अर्धा दिवस "येऊन सही करून जा" म्हणाले तरी जाऊ नये. आणि निदानाच्या जागी नुसतं "बॅक पेन" लिहिलं असेल तर दुसऱ्या टप्प्यात नाव बसत नाही. तिथे गादी सरकल्याचं निदान पातळीसकट, एल४-एल५, लिहून घ्या.

त्रास कामावर वजन उचलताना एका विशिष्ट दिवशी सुरू झाला असेल आणि अपघाताची नोंद असेल तर प्रकरण वेगळ्या वाटेने जातं. कामावरच्या इजेला तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के आहे आणि त्याला किमान वर्गणीची अट नाही. हळूहळू वाढलेल्या दुखण्यात मात्र हे सिद्ध करणं अवघड जातं.

राजीनाम्यावर सही करू नका. "नंतर परत घेतो" असं तोंडी सांगितलं तरी नाही. सलग नोकरीची अट तिथेच तुटते.

भोसरीकर

ईएसआयसीच्या दुसऱ्या टप्प्याबद्दल कंपनीत कुणी बोललंच नव्हतं, खूप आभार. दोन अडचणी आहेत. गेल्या वर्षी ठेकेदार बदलला तेव्हा भावाला नवा विमा क्रमांक दिला, जुना वेगळा आहे. आणि आधारवर पत्ता गावचा, सातारा जिल्ह्यातला. अर्ज कुठे करायचा, पुण्यात की साताऱ्यात? संजय गांधीचंही राहिलं.

सेतूजवळची

आधी अर्जाचं. आता दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांचा अर्ज एकच, केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर. रहिवासाच्या पुराव्यावर जो जिल्हा आहे तिथल्या वैद्यकीय प्राधिकरणाकडे अर्ज जातो. म्हणून आज आहे त्या आधारवर सातारा. वरचेवर पुण्याहून जाणं कमरेला झेपणार नसेल तर आधी भाडेकराराच्या आधारे आधारचा पत्ता बदला आणि मग पुण्यात अर्ज करा. अर्ज भरल्यावर मधेच पत्ता बदलत बसू नका, प्रकरण दोन जिल्ह्यांत लोंबकळतं.

भरताना नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच टाका, कानामात्रेचाही फरक नको. प्रकार लोकोमोटर निवडा. फोटो, सही किंवा अंगठा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, वैद्यकीय कागद जोडा. नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. मग सिव्हिल, उपजिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेज, जे निवडलं असेल तिथे तपासणी. बहुतेक ठिकाणी अस्थिव्यंगासाठी आठवड्याचा ठरलेला वार असतो. मूळ कागद आणि एक झेरॉक्स संच न्या. फिल्म मोबाइलवर दाखवू नका.

निकालाची मुदत पूर्वी एक महिना होती, ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. कार्डाचा रंगही ठरवून दिला आहे: ४० च्या आत पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्याच्या वर निळं. सुधारणेची शक्यता आहे असं बोर्डाला वाटलं तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं देतात, ती संपण्याआधी पुन्हा तपासणी. ऑपरेशनला वर्षही झालेलं नाही, त्यामुळे तुमच्या भावाला मुदतीचंच मिळण्याची शक्यता जास्त. त्याने खचू नका, त्या मुदतीत ते पूर्ण चालतं. नाकारलं तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यावर कलम ५९ खाली अपील होतं. अपिलात नुसतं "अन्याय झाला" लिहून काही होत नाही. पायाची ताकद मोजलीच नाही, ईएमजी पाहिला नाही, असा नेमका मुद्दा हवा.

संजय गांधी निराधार: वय १८ ते ६५, किमान ४० टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० पर्यंत. रक्कम दरमहा १,५०० होती, दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली. भावाचा पगारच वर्षाला २,३४,००० होतो, त्यामुळे नोकरी आहे तोवर ही योजना लागू नाही, स्पष्टच सांगते. कमी उत्पन्नाचा दाखला "काढून देणारे" भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. नोकरी खरोखर गेली तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज करा: उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा पुरावा, यूडीआयडी, आधारशी जोडलेलं बँक खातं. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, त्याचा विचार सोडा. निरामय विम्याबद्दलही लोक विचारतात, तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे.

४० भरले तर व्यवसाय कर माफ होतो, म्हणजे वर्षाचे २,५०० वाचतात, त्यासाठी प्रमाणपत्राची प्रत कंपनीत द्या. एसटीत ७५ टक्के सवलत. रेल्वेची सवलत मात्र सोबत्याशिवाय प्रवास करूच शकत नाही अशा अस्थिव्यंगांसाठी आहे, कंबरेच्या रुग्णाला ती सहसा मिळत नाही.

दिव्यांगमित्र_सातारा

४० च्या आत आलं तरी कागद निरुपयोगी नाही. ४० ची अट आरक्षण आणि योजनांसाठी आहे. भेदभावाविरुद्धचं संरक्षण आणि कामाच्या जागी वाजवी सोय मागणं त्याहून कमी टक्क्यांवरही शक्य आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण ठेवावं लागतं. कंपनीकडे ते लेखी मागा आणि त्याच पत्रात नेमकं काय हवं ते लिहा: मशीनपाशी उंच स्टूल, म्हणजे बसून-उभं राहून आलटूनपालटून काम करता येईल, १० किलोच्या वर उचलायला लावू नये, दर तासाला पाच मिनिटं चालायला मोकळीक, किंवा तपासणी विभागात बदली. "हलकं काम द्या" एवढंच लिहिलं तर "हलकं काम नाही" एवढंच उत्तर येतं. पत्राची पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, तेव्हा ही पोच लागते.

हिशेबनीस_पिंपरी

दोन विमा क्रमांकांचं या आठवड्यातच करा. नव्या क्रमांकावर वर्षभराचीच वर्गणी दिसत असेल तर दोन वर्षांची अट मोडलेली दिसेल आणि दुसरा टप्पा नाकारला जाईल. ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज द्या. सोबत दोन्ही ई-पेहचान कार्डं (ईएसआयसीची ओळखपत्रं), आधार, जुन्या ठेकेदाराच्या पगारपावत्या किंवा कामावर होता हे दाखवणारं बँकेचं पासबुक जोडा. जुना क्रमांक आठवत नसेल तर जुन्या पगारपावतीवर तो असतो. ठेकेदार बदलताना मध्ये किती दिवस वर्गणी पडली नाही तेही तिथेच विचारा, आणि एकत्र झाल्यावर वर्गणीचा तपशील छापून घ्या. शक्य असेल तर पुढच्या रजेचं पहिलं प्रमाणपत्र हे झाल्यावर काढा. कंबर थांबू देत नसेल तर प्रमाणपत्र घ्याच, पहिल्या टप्प्याचे पैसे नव्या क्रमांकावरही चालू होतील आणि ९१ दिवस संपेपर्यंत क्रमांकांचं काम होऊन जाईल.